जीएम पिकांचा वाद: बियाणे कोणाचे, लेबल कोणासाठी?

२६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने, म्हणजे जीईएसीने, बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. जनुकीय सुधारित अर्थात जीएम पिकांचा भारतातला हा अधिकृत प्रवेश. त्याला दोन दशके उलटून गेली, तरी शेतकऱ्याला कायदेशीरपणे लावता येणारे जीएम पीक अजून कापूस हे एकच आहे. वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली आणि मोहरीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. दुसरीकडे, परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे विदर्भात दर खरिपाला विकले जाते.

या वादात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. हे तंत्रज्ञान आरोग्याला, पर्यावरणाला आणि शेतकऱ्याच्या खिशाला सुरक्षित आहे का? बियाण्यावर हक्क कोणाचा? आणि ताटात काय येते हे खाणाऱ्याला सांगितले जाणार का? सरकारदरबारी या तिन्हींची दारे वेगळी आहेत. पहिला पर्यावरण मंत्रालयाकडे, दुसरा कृषी मंत्रालयाकडे, तर तिसरा आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे एफएसएसएआयकडे. चर्चाही तशीच तुकड्यातुकड्यांत होत आली. या लेखात तिन्ही प्रश्नांची आजची स्थिती क्रमाने मांडली आहे.

कापसापासून सुरुवात

बीटी कापूस परवानगीच्या आधीच शेतात पोहोचला होता. २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला, तेव्हा ‘नवभारत १५१’ नावाच्या वाणाची शेते तेवढी हिरवी राहिली. तपासणीत त्या वाणात बीटी जनुक आढळले आणि त्याला कोणतीही मंजुरी नव्हती. ते पीक नष्ट करण्याचे आदेश निघाले. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य’ ही भूमिका घेऊन त्यांची बाजू लावून धरली. काही महिन्यांतच अधिकृत मंजुरी आली. पीक आधी शेतात आणि परवानगी मागून, हा क्रम पुढेही दिसणार होता.

तंत्र असे आहे. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीतल्या जिवाणूचे एक जनुक कापसाच्या झाडात घातले जाते. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. ते अळीच्या पोटात गेले की तिच्या आतड्याला इजा होते आणि ती मरते. पहिल्या पिढीत क्राय१एसी हे एकच जनुक होते. २००६ मध्ये आलेल्या बोलगार्ड-२ मध्ये त्याला क्राय२एबीची जोड मिळाली. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी या रसशोषक किडींवर मात्र बीटीचा परिणाम होत नाही. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, पण विक्रीच्या जाहिरातीत ती क्वचितच सांगितली गेली.

भारतात हे जनुक प्रामुख्याने संकरित वाणांतून आले. जगातले बहुतेक कापूस उत्पादक देश सरळ वाण लावतात, तर आपल्याकडे १९७० च्या ‘एच-४’ पासून संकरित कापसाची परंपरा आहे. संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. सार्वजनिक संस्थांनी ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ बीटी वाण शेतकऱ्यांना देण्याचा प्रयत्न २००८-०९ च्या सुमारास केला होता, पण वाद निर्माण होऊन ते मागे घ्यावे लागले. बियाण्याच्या हक्काचा प्रश्न समजून घ्यायचा तर हा तपशील लक्षात ठेवावा लागतो.

आकडे तेच, निष्कर्ष वेगळे

बीटी कापसाच्या समर्थकांचा मुख्य आधार उत्पादनाचा आहे. २००२-०३ मध्ये देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींच्या आसपास पोहोचला. भारत आयातदाराचा निर्यातदार झाला. जोनास काथागे आणि मतीन कैम यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बीटीमुळे एकरी उत्पादनात २४ टक्के वाढ आणि नफ्यात सुमारे ५० टक्के वाढ नोंदवली आहे. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या, हे विरोधकही नाकारत नाहीत.

दुसरी बाजू त्याच आकड्यांकडे लांब पल्ल्यातून पाहते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांच्या आकडेवारीचा आढावा घेतला. त्यांच्या मते उत्पादनवाढीचा मोठा वाटा खतांचा वाढलेला वापर, सिंचन आणि नव्या कीटकनाशकांचा होता. बीटीखालचे क्षेत्र नव्वद टक्क्यांच्या पुढे गेल्यावर उत्पादकता थबकली आणि कीटकनाशकांवरचा खर्च बीटीपूर्व पातळीच्याही वर गेला. २०२३-२४ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे ३२५ लाख गाठींवर आले. महाराष्ट्रात कापसाखाली सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्र आहे, पण त्यातला बहुतांश कापूस कोरडवाहू असल्याने हेक्टरी उत्पादन देशाच्या सरासरीपेक्षा कमीच राहिले.

शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळीबाबत मात्र दोन्ही बाजूंत फारसा वाद उरलेला नाही. क्राय१एसीला ती दाद देत नाही, हे गुजरातेत २००९-१० च्या सुमारास दिसले आणि काही वर्षांत बोलगार्ड-२ चीही तीच गत झाली. कारणे अनेक आहेत. ही अळी जवळजवळ केवळ कापसावर जगते. दीर्घ मुदतीची संकरित वाणे आणि त्यानंतरची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेला कापूस, यांमुळे तिला वर्षातले बरेच महिने खाद्य मिळत राहते. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असल्याने तिच्यातल्या काही बियांत विषारी प्रथिन नसते. अशा मिश्र खाद्यावर प्रतिकारक्षम अळ्या निवडल्या जातात.

या प्रतिकाराला आळा घालण्यासाठी केलेली व्यवस्था कशी कोलमडली, हे बियाण्याच्या पाकिटातच पाहायला मिळते. कृषी केंद्रातून आणलेल्या खोक्यात ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी असे. बीटी कापसाच्या कडेने या ‘रेफ्युजी’च्या ओळी लावायच्या, म्हणजे साध्या अळ्या तिथे जगतील, प्रतिकारक्षम अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकार पसरण्याचा वेग मंदावेल, असा हिशेब होता. पण शेतकऱ्याला त्या ओळी म्हणजे अळीला दिलेले आमंत्रण वाटे. ती पुडी बांधावर पडून राही किंवा नांग्या भरायला वापरली जाई. त्यातल्या बियाण्याचा दर्जा आणि कालावधीही मुख्य वाणाशी जुळेलच असे नसे. पुढे दोन्ही बियाणे एकाच पाकिटात मिसळून देण्याचा पर्याय आला, पण तोवर उशीर झाला होता.

२०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने याची किंमत मोजली. गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. राज्य सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये कोरडवाहू कापसासाठी हेक्टरी ३०,८०० रुपये मदत जाहीर केली. त्यात आपत्ती निधीचे ६,८००, पीक विम्याचे ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,००० अशी फोड होती. त्यासाठी शेतकऱ्यांनी नमुना ‘जी’ अर्ज भरले, पंचनामे झाले. कंपन्यांचा वाटा मात्र वादात सापडला. तंत्रज्ञान निष्प्रभ ठरले तर जबाबदारी बियाणे विकणाऱ्याची, जनुक पुरवणाऱ्याची की रेफ्युजी न लावणाऱ्या शेतकऱ्याची, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही.

शेतकरी आत्महत्या आणि बीटी कापूस यांचा थेट संबंध जोडणारे प्रतिपादनही वारंवार केले जाते. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या २००८ च्या अभ्यासाला तसा थेट कार्यकारणसंबंध आढळला नाही. कर्ज, कोरडवाहू शेती आणि कोसळणारा भाव ही कारणे बीटीच्या आधीही होती. मात्र महाग निविष्ठांमुळे जोखीम वाढते आणि पाऊस दगा देतो तेव्हा हा वाढीव खर्च अंगावर येतो, हा टीकाकारांचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न: वांगे आणि मोहरी

कापसानंतर वाद अन्नपिकांकडे वळला. जालन्याच्या महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याला जीईएसीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांग्याला बेमुदत स्थगिती दिली. दीर्घकालीन चाचण्यांचा अभाव, स्वतंत्र प्रयोगशाळांची कमतरता, अनेक राज्यांचा विरोध आणि वांग्याच्या देशी वाणांचे वैविध्य ही कारणे त्यांनी पुढे केली. बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याच तंत्राच्या वांग्याला मंजुरी दिली आणि तिथे लागवड सुरू झाली.

स्थगितीनंतर राजकीय आणि न्यायालयीन छाननी वाढली. बसुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०१२ च्या अहवालात नियामक व्यवस्थेवर कठोर टीका केली. अरुणा रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक तज्ज्ञ समिती नेमली. तिच्या बहुसंख्य सदस्यांनी पुरेशी यंत्रणा उभी राहीपर्यंत अन्नपिकांतील बीटीच्या क्षेत्रीय चाचण्या थांबवाव्यात, तसेच तणनाशक-सहनशील पिके भारतीय परिस्थितीला योग्य नाहीत, असे मत दिले. कृषिशास्त्रज्ञ आर. एस. परोडा यांनी वेगळा अहवाल देऊन चाचण्यांची बाजू घेतली.

मोहरीची कथा वेगळी आहे, कारण इथे खासगी कंपनी नाही. दिल्ली विद्यापीठातील दीपक पेंटल यांच्या गटाने सार्वजनिक निधीतून ‘धारा मोहरी संकर-११’ तयार केली. बार्नेज जनुकामुळे एक पालक वाण नर-वंध्य होते, बारस्टारमुळे संकरात प्रजननक्षमता परत येते आणि तिसरे ‘बार’ जनुक ग्लुफोसिनेट या तणनाशकाला सहन करते. विकसकांचे म्हणणे असे की ‘बार’ हे केवळ बीजोत्पादनाच्या सोयीसाठी आहे. विरोधकांच्या मते ते झाडात राहणारच, त्यामुळे शेतकरी तणनाशक वापरणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय प्रसारणासाठी सशर्त मंजुरी मिळाली. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागते, हा समर्थकांचा प्रमुख युक्तिवाद होता. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विभागून आला. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी मंजुरी रद्द ठरवली, तर न्या. संजय करोल यांनी ती अटींसह कायम ठेवली. सर्व संबंधितांशी चर्चा करून केंद्राने जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण आखावे आणि आयात जीएम खाद्यतेलाबाबत वेष्टन व लेबलचे कायदे पाळावेत, यावर मात्र दोघांचेही एकमत झाले.

खाण्याच्या सुरक्षिततेबद्दल जागतिक वैज्ञानिक मत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१६ च्या अहवालानुसार, बाजारात असलेल्या जीएम पिकांपासून पारंपरिक पिकांपेक्षा वेगळा आरोग्यधोका असल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक पिकाची स्वतंत्र तपासणी करावी असे म्हणते. भारतीय टीकाकारांपैकी अनेकांचा आक्षेप या मताला कमी आणि आपल्याकडच्या चाचण्यांच्या पद्धतीला जास्त आहे. चाचणीची माहिती अर्जदारच देतो, ती पूर्णपणे उघड होत नाही आणि ती तपासणाऱ्या समितीचे स्वातंत्र्य पुरेसे नाही, अशी त्यांची तक्रार आहे. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षावर मतभेद असोत वा नसोत, माहिती खुली असावी ही मागणी दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना मान्य होण्यासारखी आहे.

बियाण्यावरचा हक्क: कागदावर आणि शेतात

शेतकऱ्यांच्या हक्कांच्या बाबतीत भारताचा कायदा अनेक देशांपेक्षा उदार आहे. ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१’ च्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचे बियाणेही जपून ठेवू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो आणि विकूही शकतो. ब्रँडचे नाव छापून विकायला मात्र मनाई आहे. बियाण्याने सांगितल्याप्रमाणे कामगिरी केली नाही तर भरपाई मागण्याचा हक्क त्याच कलमात आहे. पुढच्या पिढीत उगवणच होऊ न देणाऱ्या ‘टर्मिनेटर’ तंत्राच्या वाणाची नोंदणी या कायद्याखाली होऊ शकत नाही. पैदासकाराला झुकते माप देणाऱ्या ‘युपोव्ह’ या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत सदस्य नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बँक उभी केली. गावोगाव चाललेल्या अशा कामाला या कायद्याचे संरक्षण आहे.

या हक्काची कसोटी जीएम पिकावर न लागता बटाट्यावर लागली. २०१९ मध्ये पेप्सिकोने ‘एफसी-५’ हे आपले नोंदणीकृत बटाट्याचे वाण विनापरवाना पिकवल्याबद्दल गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले. काही जणांकडे प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची मागणी होती. देशभर टीका झाल्यावर मे २०१९ मध्ये दावे मागे घेतले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये पीक वाण संरक्षण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो निर्णय उचलून धरला, तर जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो फिरवला. खंडपीठापुढचा प्रश्न नोंदणीचा होता. कलम ३९ ला त्या निकालाने धक्का लागला नाही.

पेटंटची आघाडी वेगळी आहे. पेटंट कायद्याचे कलम ३(जे) वनस्पती आणि बियाण्यांना पेटंट नाकारते. मग बियाण्यात घातलेल्या जनुकाचे काय? बोलगार्डचे जनुक पुरवणारी मोन्सँटो आणि बियाणे कंपनी नुझिवीडू यांच्यातल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये बोलगार्ड-२ चे पेटंट अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पूर्ण सुनावणीसाठी परत पाठवले. नंतर दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. कायद्याचा मूळ प्रश्न त्यामुळे निकाली निघालाच नाही.

दरम्यान सरकारने किमतीला हात घातला. सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट १,६०० रुपयांच्या घरात होते आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या मालकाला जात असे. आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये हा प्रश्न मक्तेदारी आयोगापुढे नेला. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राच्या २०१५ च्या किंमत नियंत्रण आदेशानंतर बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपयांवर आणि त्यातले तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपयांवर आले. २०२० मध्ये ते शुल्क शून्य झाले. शेतकऱ्याला स्वस्त बियाणे मिळाले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार, यामुळेच नवे तंत्रज्ञान येणे थांबले आणि शेतकरी जुन्या, निष्प्रभ जनुकाशी बांधला गेला.

या साऱ्यात एक विसंगती आहे. बियाणे जपण्याचा हक्क कायद्याने दिला, पण कापूस संकरित असल्यामुळे तो हक्क बजावण्यात अर्थ उरत नाही. हक्काला शेतात अर्थ यायचा असेल तर सरळ वाणांतून जनुक उपलब्ध व्हावे लागते आणि ते काम सार्वजनिक संशोधनालाच करावे लागेल.

एचटीबीटी: कायदा आणि वावर यांतले अंतर

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जाहीरपणे एचटीबीटी कापसाची लागवड केली. हे वाण ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करते. त्याला मंजुरी नाही. महिकोने त्यासाठीचा अर्ज २०१६ मध्येच मागे घेतला होता. लागवड करणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. पण हे बियाणे त्याआधीच सर्वदूर पसरले होते. केंद्राने नेमलेल्या पाहणी समितीला २०१७-१८ मध्ये महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात सुमारे १५ टक्के कापूस क्षेत्रावर ते आढळले होते.

‘चोर बीटी’ला मागणी का आहे, याचे उत्तर निंदणीच्या खर्चात आहे. पावसाची झड लागली की डवरणी होत नाही, मजूर मिळत नाहीत आणि तण कापसाच्या वर जाते. एका फवारणीत ते काम होते. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असावे, हा शेतकरी संघटनेचा युक्तिवाद या अनुभवावर उभा आहे. विरोधी मुद्देही शेतातलेच आहेत. निंदणी हा भूमिहीन स्त्रियांच्या हाताचा मोठा रोजगार आहे. विदर्भातला शेतकरी कापसात तुरीची ओळ घेतो आणि ग्लायफोसेटला तूर टिकत नाही. अमेरिकेत तणनाशकाला दाद न देणारी तणे वाढली आहेत. ग्लायफोसेट मानवांत ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये म्हटले, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला ते मान्य नाही. भारताने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर प्रशिक्षित कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. वावरात हा नियम कितपत पाळला जातो, हे निराळे सांगायला नको.

एचटीबीटीच्या बाजूने असो वा विरोधात, एक गोष्ट मान्य करावी लागते. चोरीच्या पाकिटाला पक्की पावती नसते आणि त्यावरचा लॉट क्रमांक खरा असेल याची खात्री नसते. उगवण झाली नाही तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? कलम ३९ ने दिलेला भरपाईचा हक्क अशा खरेदीबरोबरच संपतो. परवानगी नाकारली, पण विक्री थांबवली नाही, अशा धोरणात सगळी जोखीम शेवटी शेतकऱ्याच्या पदरात पडते.

लेबल: नियम आहेत, व्यवस्था नाही

भारतात जीएम अन्नपीक पिकत नाही, म्हणून जीएम अन्न आपण खात नाही, हा समज चुकीचा आहे. कापसाचा धागा गिरणीत जातो आणि सरकी घाण्यावर येते. देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे, म्हणजे सरकीचे तेलही बहुतांश बीटी कापसाचेच. गुजरातेत ‘कपासिया तेल’ घरोघरी वापरतात. फरसाणाच्या आणि मिश्र तेलांच्या उद्योगातही ते जाते. सरकीची पेंड दुभत्या जनावरांना घातली जाते. सोयाबीन तेल आपण अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून आणतो आणि तिथले सोयाबीन जवळजवळ सगळे जीएम आहे. यांपैकी कोणत्याही डब्यावर तसा उल्लेख सहसा सापडत नाही.

नियमांची मालिका मात्र लांब आहे. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम २२ ने जीएम अन्नाला स्वतंत्र नियमन आवश्यक ठरवले. ग्राहक व्यवहार खात्याने २०१२ मध्ये वजनमापे नियमांत बदल करून १ जानेवारी २०१३ पासून अशा पाकिटांवर ‘जीएम’ ही अक्षरे सक्तीची केली. त्याची अंमलबजावणी जवळपास झालीच नाही. विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१८ मध्ये बाजारातले ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत जीएम अंश सापडला आणि त्यात आयात पदार्थांचा भरणा होता. एफएसएसएआयने ऑगस्ट २०२० मध्ये २४ अन्नपिकांच्या आयातीला बिगर-जीएम प्रमाणपत्र बंधनकारक केले आणि नकळत मिसळीची मर्यादा एक टक्का ठेवली. नोव्हेंबर २०२१ च्या मसुद्यात एक टक्का किंवा अधिक जीएम घटक असल्यास लेबलची सक्ती सुचवली. २०२२ मध्ये सुधारित मसुदा आला. तेल आणि प्रक्रियायुक्त पदार्थांवर मात्र ग्राहकाला अजून काही कळत नाही.

इतर देशांत दोन प्रमुख वाटा दिसतात. युरोपीय संघ ०.९ टक्क्यांहून अधिक अंशाला लेबल मागतो. तेलात जनुकाचा मागमूस उरला नसला तरी ते जीएम पिकापासून काढले असेल तर सांगावे लागते, कारण तिथला नियम प्रयोगशाळेपेक्षा शेतापासूनच्या कागदपत्रांवर चालतो. मात्र जीएम चारा खाल्लेल्या जनावराच्या दुधा-मांसाला लेबल लागत नाही. अमेरिकेत २०२२ पासून ‘बायोइंजिनिअर्ड’ अशी सूचना बंधनकारक झाली. तिथे मर्यादा पाच टक्के असून क्यूआर कोडचीही मुभा आहे. ब्राझीलमध्ये पिवळ्या त्रिकोणात ‘टी’ हे अक्षर छापले जाते.

लेबलच्या विरोधातला मुख्य युक्तिवाद असा, की सुरक्षित पदार्थावर इशारा छापला तर विनाकारण भीती पसरेल आणि वेगळी साठवण व तपासणी यांचा खर्च ग्राहकावर पडेल. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचा अनुभव याच्या उलट दिसतो. तिथे सक्तीच्या लेबलनंतर जीएम अन्नाला असलेला विरोध कमी झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. समर्थकांचा युक्तिवाद सुरक्षिततेवर अवलंबून नाही. शाकाहाराचे हिरवे चिन्ह जसे निवडीसाठी असते, तसेच हेही, असे ते म्हणतात. आपल्याकडची अडचण आणखी निराळी आहे. घाण्यावरचे सुटे तेल, टपरीवरची भजी आणि लग्नातले जेवण यांना लेबलच नसते. पाकिटावरचा नियम शहरी ग्राहकाच्या एका वर्गापुरताच पोहोचेल.

लेबलचा संबंध शेतकऱ्याच्या भावाशीही आहे. भारतीय सोयाबीन बिगर-जीएम असल्याने त्याच्या पेंडीला काही परदेशी बाजारांत वेगळी मागणी असते. ऑगस्ट २०२१ मध्ये कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, तेव्हा मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकांनी भाव पडण्याच्या भीतीने विरोध केला. बिगर-जीएम असणे ही बाजारातली ओळख आहे आणि ती टिकवायची की सोडायची, हा शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न आहे. त्याचा निर्णय आजवर आयातीच्या तातडीच्या आदेशांतून होत आला आहे.

नवे वळण: जनुक संपादन

बाहेरचे जनुक न घालता पिकाच्या स्वतःच्याच जनुकात बदल करण्याचे तंत्र आल्यावर जुनी चौकट अपुरी पडू लागली. मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा काही प्रकारच्या पिकांना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतील कडक टप्प्यांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ ही जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर झाली. असा बदल निसर्गतः किंवा पारंपरिक पैदाशीतही होऊ शकतो, म्हणून वेगळी तपासणी नको, असे संशोधक सांगतात. तंत्राचे पेटंट परदेशी संस्थांकडे आहे, अनपेक्षित बदलांची तपासणी हवी आणि ग्राहकाला सांगण्याची तरतूदच नाही, हे टीकाकारांचे आक्षेप आहेत. अंतिम पिकात परके जनुक नसल्यामुळे ते प्रयोगशाळेत ओळखणेही कठीण. म्हणजे इथेही भिस्त कागदपत्रांवरच राहणार.

काय अनिर्णित आहे

विज्ञानाच्या पातळीवर बऱ्याच गोष्टी स्थिरावल्या आहेत. मंजूर जीएम अन्न खाण्यास अपायकारक असल्याचा ठोस पुरावा नाही. बीटी कापसाने सुरुवातीला फायदा दिला आणि गुलाबी बोंडअळीपुढे तो हतबल झाला. किडींतली प्रतिकारशक्ती हा तंत्राइतकाच व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. अनिर्णित उरले ते बहुतेक प्रश्न संस्था आणि जबाबदारीचे आहेत: जनुकाच्या पेटंटची मर्यादा, अपयशाची भरपाई, चाचण्यांच्या माहितीची पारदर्शकता, राज्यांचा अधिकार, चोर बियाण्याचा बंदोबस्त आणि लेबलची मर्यादा.

हे प्रश्न एकमेकांवर अवलंबून आहेत. सरकीच्या तेलावर खरे लेबल लावायचे तर सरकी कोणत्या बियाण्याची हे माहीत असायला हवे. ते माहीत असायचे तर बियाणे पावतीवर विकले गेले पाहिजे. पावती असेल तरच शेतकरी भरपाई मागू शकतो. बियाण्याचा माग ठेवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘साथी’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली आहे, पण घाण्यावर आलेल्या सरकीचा माग लावणारी साखळी अजून नाही.

सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा समोर येईल, तेव्हा त्यात कोणत्या पिकाला हो म्हटले आणि कोणाला नाही, एवढेच पाहून थांबू नये. बियाणे फसले तर भरपाई कोण देणार, चाचण्यांची माहिती कोणाला पाहता येणार आणि तेलाच्या डब्यावर काय छापले जाणार, याची उत्तरे त्यात आहेत का ते तपासावे. नसतील तर हरकती नोंदवण्याच्या मुदतीत शेतकऱ्यांनी आणि ग्राहकांनी, शक्यतो एकत्र येऊन, ती मागावीत.